लांब पल्ल्याची गाडी हातात आली आणि झोप उडाली: नव्या ड्रायव्हरने सोडावं की टिकावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चोवीस, गाव चोपडा तालुक्यात, घरी चार एकर कोरडवाहू. दोन वर्षं क्लीनर म्हणून फिरलास, हेवी लायसन काढलंस आणि तीन महिन्यांपूर्वी दहा चाकी गाडी तुझ्या हातात आली. सावदा-रावेरकडून केळी भरायची, दिल्लीला आझादपूर मंडीत खाली करायची, परतीला मिळेल तो माल आणायचा. गाडी चालवायला जमते. पण घरी आलास तरी झोप लागत नाही, डोळा लागला की हॉर्न ऐकू येतो, मालकाचा फोन वाजला की छाती धडधडते. आई म्हणते सोडून दे. सोबतचे म्हणतात सहा महिन्यांत सवय होईल. आता कोणाचं ऐकावं?

भाऊ, आधी त्या सवयीबद्दल बोलू. सवय होते हे खरं आहे. गाडीच्या लांबीची होते, आरशात बघून अरुंद गाळ्यात मागे घेण्याची होते, अनोळखी शहराबाहेर नो एंट्री उठायची वाट बघण्याची होते. पहिल्या वर्षात ज्या गोष्टींनी तळहाताला घाम फुटतो, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या वर्षी लक्षातही येत नाहीत. झोपमोडीची सवय मात्र कोणाच्याच शरीराला होत नाही. ‘मला चार तास पुरतात’ म्हणणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिले. त्यांना चार तास पुरत नव्हते. आपण किती मंदावलोय हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

मी जुन्या सहा नंबरच्या हायवेवर, म्हणजे आताच्या ५३ वर, आणि मुंबई-आग्रा रोडवर बरीच वर्षं गाडी चालवली. राहतो धुळ्याजवळ. आता माझ्या दोन गाड्या आहेत आणि त्यांवर तुझ्या वयाची मुलं आहेत. मालकाचे फोन मी घेतलेत आणि आता मालक म्हणून करतोही. दोन्हीकडून बघून माझं मत असं झालंय की नव्या ड्रायव्हरचा ताण स्टेअरिंगमुळे क्वचितच येतो. वेळ त्याच्या हातात नसते, म्हणून येतो. भरती मजुरांच्या हातात, वजनाचा काटा दुसऱ्याचा, बिल्टी म्हणजे मालाची चिठ्ठी ट्रान्सपोर्टवाल्याकडे, पोहोचायची वेळ व्यापारी आणि मालक ठरवणार. या सगळ्यांनी घालवलेले तास रस्त्यावर भरून काढायचे ते एकट्या ड्रायव्हरने, आणि तो ते आपल्या झोपेतून काढतो. नवा मुलगा नाही म्हणायला घाबरतो, म्हणून त्याच्यावर हा भार सगळ्यात जास्त येतो. तुझी धडधड मला तरी याचीच वाटते.

यातलं किती बदलता येईल ते परिस्थितीवर आहे. गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर पुढचं बरंच सोपं होतं. माल कोणता यावरही आहे. सिमेंटची गाडी सहा तास उशिरा लागली तर फार तर बोलणी बसतात. केळी कापताना हिरवी असते, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ती गाडीतच गरम होऊन पिकायला लागते, आणि पिवळी झालेली केळी व्यापारी भाव पाडूनच घेतो. म्हणजे तुझ्या मालकाची घाई खोटी नाही, हे तू मान्य कर. घरावर कर्ज किती आहे, एक महिना पगार नाही आला तर चालेल का, यावरही बरंच ठरतं. आणि शेवटी मालक कसा आहे. काही मालक ऐकतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. काही ऐकतच नाहीत. तसा असेल तर खाली लिहिलेलं सगळं करूनही उपयोग नाही. तेव्हा मालक बदलायचा. त्यासाठी धंदाच बदलायची गरज नाही.

आता झोपेबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

केळीच्या ड्रायव्हरचा घात रस्त्यावर होतो असं लोकांना वाटतं. त्याची सुरुवात भरतीच्या दिवशी झालेली असते. सकाळी कापणी सुरू होते. तू सहाला उठून गाडी बागेशी लावतोस. दिवसभर उन्हात उभा, कधी मजुरांमागे, कधी मोजणाऱ्यामागे. ताडपत्री आवळून, काटा करून, कागद घेऊन निघायला रात्रीचे आठ. मग बऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा मागे टाकून इंदूरकडे चढताना पहाटेचे दोन वाजतात. समोर भेरू घाट आणि तू वीस तास जागा. माणूस सतरा तास सलग जागा राहिला की त्याचे हातपाय आणि नजर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखे मंद होतात, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. आपल्या कायद्यात दारूची हद्द ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न घेता तू त्या हद्दीच्या पलीकडे गेलेला असतोस आणि नाक्यावर कोणतंही मशीन ते दाखवत नाही.

म्हणून भरतीच्या दिवशी दुपारी तीन तास झोपायचंच. केळी मोजणं हे मुकादमाचं आणि व्यापाऱ्याच्या माणसाचं काम आहे. तुझं काम ताडपत्री, दोरी, हवा, काट्याची पावती आणि कागद. मजुरांना आधीच सांग की शेवटचा थर राहिला की उठवा. उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपूच नको, तिथे झोप लागत नाही, नुसता घाम येतो. बागेत सतरंजी टाक, केळीच्या सावलीत पुष्कळ गार असतं. माझ्या गाडीवर नवा मुलगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी सांगतो, भरती चालू असताना तू झोपलेला दिसलास तर मला बरं वाटेल. आधी त्यांना ती परीक्षाच वाटते.

दुसरी गोष्ट, रात्री एक किंवा दोनपासून पहाटे पाचपर्यंत गाडी उभी. या वेळेत शरीर स्वतःहून बंद व्हायला बघतं, तुम्ही दिवसा कितीही झोपलेले असा. दुपारी दोन ते चारही तसाच पट्टा आहे, जरा सौम्य. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर गाडी कोणीच चालवत नाही. अशी डुलकी लागून गेल्याचं पुष्कळदा कळतही नाही. खूण अशी की मागचा पूल किंवा मागचं गाव कधी गेलं ते आठवत नाही, गिअर उशिरा पडतो, चाक पांढऱ्या पट्टीवर जातं आणि आपण दचकून स्टेअरिंग ओढतो. तिथून पुढे खिडकी उघडणं, गाणी मोठी लावणं, तंबाखूचा बार भरणं, तोंडावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं निघतात, त्याहून जास्त नाही. चहा घे आणि घेतल्याबरोबर वीस मिनिटं आडवा हो. चहाचा असर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर लगेच चावी मारू नको, गाडीभोवती चक्कर मार, टायर ठोकून बघ, मग बस.

थांबायचं कुठे हेही आधी ठरव. रस्त्याच्या कडेला अंधारात उभी केलेली गाडी मागून येणाऱ्याचा जीव घेते. उजेडाचा पंप किंवा जिथे आधीच पाच-सात गाड्या उभ्या आहेत असा ढाबा बघ. तिथे डिझेल चोरीची धास्तीही कमी असते आणि धास्ती कमी असली की झोप लागते. प्रत्येक मार्गावर अशा चार-पाच जागा वहीत लिहून ठेव. क्लीनर असताना तू त्या बघितल्याच असशील.

माळव्यात आणि राजस्थानात तुला कोणीतरी डोडा, म्हणजे अफूच्या बोंडाचा भुसा देईल, नाहीतर जागं राहायची गोळी देईल. अगदी प्रेमाने देईल, चांगला जुना ड्रायव्हर देईल. घेऊ नको. झोप त्याने जात नाही, झोप आल्याचं कळणं जातं. महिना-दोन महिन्यांत त्याशिवाय गाडी सुरूच करवत नाही. आणि गाडीत सापडलं तर अंमली पदार्थांच्या कायद्यात तू जातोस. या एका बाबतीत मी कोणाचीच परिस्थिती विचारत नाही.

आता हिशेब करून बघू, कारण मालकाशी बोलताना हाच लागणार आहे. रावेर ते आझादपूर अकराशे किलोमीटरच्या आसपास. भरलेल्या गाडीची घाट, गावं, टोल धरून सरासरी चाळीस पडते. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास चाक फिरलंच पाहिजे. १९६१ साली झालेल्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास ठरवून दिले, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली आणि लांब पल्ल्याला परवानगी घेऊनही दहा तासांच्या वर जाऊ दिलं नाही. रस्त्यावर हे कोणी पाळत नाही ते तुला-मला माहीत आहे. पण दहा तासांचा आकडा हवेतून आलेला नाही. रात्री आठला निघून एकपर्यंत पाच तास, मग झोप. दुसऱ्या दिवशी दहा तास, झोप. तिसऱ्या दिवशी दहा तास, आणि उरलेले दोन-तीन तास तिसऱ्या रात्री, नो एंट्री उठल्यावर मंडीत. एकट्या माणसाने केळी नीट पोहोचवायची तर इतका वेळ लागतो. व्यापाऱ्याला याच्या आधी हवी असेल तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर लागतो, मधला कोणताही उपाय नाही. तुला तीन महिने जो त्रास होतोय तो दोन माणसांचं काम एकट्याने केल्याचा असू शकतो. त्यात तुझी कुवत कमी पडते असं समजू नको.

मालकाला हे कसं सांगायचं? निघायच्या आधी, शांतपणे, गाडीपाशी उभं राहून. रस्त्यात फोनवर कधीच नको. ‘शेठ, मी आज आठला निघेन. रात्री एकला खंडव्याच्या पुढे लावून पाचपर्यंत झोपेन, तेव्हा फोन बंद असेल. सकाळी सातला मी स्वतः फोन करून कुठे आहे ते सांगेन. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला परत करेन.’ एवढंच बोलायचं. मी मालक म्हणून सांगतो, फोन सारखा का केला जातो? गाडी कुठे आहे ते कळत नाही, आणि मंडीतला व्यापारी मालकाच्या मागे लागलेला असतो. ड्रायव्हरने स्वतःहून ठरल्या वेळी फोन केला की निम्मे फोन आपोआप थांबतात. जीपीएस असलं तरी माणसाचा शब्द लागतोच. आणि चालू गाडीत फोन उचलायचा नाही, कोणाचाही. आईचासुद्धा.

या बोलण्यावर मालक चिडला तर चिडू दे, एकदा चिडेल. पण ‘झोपायला ठेवलं नाहीये तुला’ असं म्हणाला, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं. तसल्या गाडीवर राहू नको. जळगावला पाइपचा, चटईचा, डाळीचा माल निघतो, नंदुरबारला मिरची आहे, धुळ्याहून चारी दिशांना गाड्या जातात. चालवणारा चांगला मुलगा मिळत नाही म्हणून मालक रडतायत, तुला दुसरी गाडी मिळेल.

दुसरी भीती तू लिहिली नाहीस, पण झोपेत हॉर्न ऐकू येतो म्हणजे ती असणार. उतार. आपल्या भागातल्या ड्रायव्हरला घाट चुकत नाहीत. सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, इंदूरकडे बिजासन, नाशिककडे राहूड, पुढे कसारा. कन्नडचा घाट जड गाड्यांना २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला, नाहीतर तोही होता. त्याच वर्षी जुलैत शिरपूर तालुक्यात पळासनेरला मध्य प्रदेशातून उतरणारा कंटेनर ब्रेक गेल्यामुळे गाड्यांना ठोकत हॉटेलात शिरला आणि कितीतरी माणसं गेली. तू त्या रस्त्याने गेला असशील तर ती जागा तुला कोणीतरी दाखवली असेल. घाटाची भीती वाटणं योग्यच आहे. पण ब्रेक का जातो ते कळलं की भीतीने हातपाय गळत नाहीत, ती कामाला लागते.

ब्रेक लागतो म्हणजे लायनर (ब्रेकचा घासणारा पट्टा) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमवर घासून वेगाची उष्णता करतो. वीस-पंचवीस टन उतारावर नुसत्या पायाने धरून ठेवलं तर ड्रम इतका तापतो की लायनरची पकड सुटते, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी धरत नाही. ब्रेकची हवाही सारखी दाबून-सोडून उतरत जाते. म्हणून घाटात गाडी गिअरने धरायची, ब्रेक फक्त मदतीला. ज्या गिअरमध्ये हाच भार घेऊन तू तो घाट चढला असतास, त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतर. आणि तो गिअर उतार सुरू होण्याच्या आधी टाक, कारण गाडी पळायला लागल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, चालू ठेव. ब्रेक लावायचा तर नीट दाबून वेग उतरव आणि पूर्ण सोड, पाय नुसता टेकवून ठेवू नको.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरायची जुनी खोड आहे. तुझ्या उस्तादाला असेल तर त्याचा मान ठेव, पण खोड घेऊ नको. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेस सोडली की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं. मालक अ‍ॅव्हरेजवरून बोलला तर त्याला हे सांग.

घाटाच्या माथ्यावर पाच मिनिटं थांबायची शिस्त लाव. ब्रेकच्या हवेचा काटा बघ. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धर आणि काटा उतरतो का ते बघ, उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, तसा पुढे जाऊ नको. चाकाजवळ हात नेऊन कोणता ड्रम जास्त तापलाय ते बघ, एकच तापला असेल तर ब्रेकचे अ‍ॅडजस्टर एकसारखे नाहीत. परतीच्या मालात ओव्हरलोड होत असेल तर तिथेही तोंड उघड. दहा चाकी गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची हद्द आहे. वर गेलं की वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दंड मालक भरेल कदाचित, पण उतारावर जास्तीचे टन तुझ्या पायाखाली असतात.

अपघात झाला तर काय, हा विचार नव्या ड्रायव्हरला रात्री झोपू देत नाही. याची तयारी शांत डोक्याने एकदाच करून ठेवायची म्हणजे तो रोज येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ड्रायव्हरचं काम आहे. पण त्याच कलमात लिहिलंय की जमाव चिडल्यामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर वेगळं. पोलिसांना मात्र लवकरात लवकर आणि चोवीस तासांच्या आत कळवलंच पाहिजे. म्हणजे जमाव आला आणि जीव वाचवायला तू तिथून निघालास, तर सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठायचं, वाटेतूनच ११२ आणि १०८ ला फोन करायचा. हायवेची मदत १०३३ वर मिळते. २०२४ च्या जानेवारीत ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, ती भारतीय न्याय संहितेतली तरतूद १ जुलै २०२४ ला बाकी कायदा लागू झाला तेव्हा बाजूला ठेवली गेली. ती शिक्षाही अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. समोरच्याची भरपाई तुझ्या खिशातून जात नाही, ती गाडीच्या विम्यातून जाते, पण त्यासाठी तुझं लायसन आणि गाडीचे कागद चालू असले पाहिजेत. विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेव आणि तारखा स्वतः वाच. ‘आहेत सगळे कागद’ या शब्दावर जाऊ नको. स्वतःसाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढ, वर्षाला वीस रुपये कापतात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. आईच्या नावाने नॉमिनी लाव.

पैशाचा ताण लहान वाटतो, पण सतत टोचतो. यावर एकच उपाय, वही. निघताना अ‍ॅडव्हान्स किती, डिझेल किती लिटर, इंजिनचा धूर साफ करायला घालतात तो युरिया किती, हमाली, वराई, पंक्चर, भत्ता, सगळं त्याच दिवशी लिहायचं आणि पावतीचा फोटो मालकाला लगेच पाठवायचा. महिन्याने आठवून हिशेब दिला की भांडण होतं आणि नवा ड्रायव्हर हरतो. गाडी निघण्याआधी ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद बघ, त्यावर आपल्याच गाडीचा नंबर आहे ना आणि मुदत कधीपर्यंत आहे. दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, रस्त्यात गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते, पण ते ट्रान्सपोर्टवाल्याला वेळेत कळवलं तरच. पोच पावती हातात आल्याशिवाय मंडी सोडू नको.

शरीराचं. सलग चार-पाच तास बसून लघवी दाबून धरायची सवय लागते, पाणीही मुद्दाम कमी प्यायलं जातं. आपल्याकडच्या उन्हात मुतखडा त्याने होतो. पाण्याची कॅन केबिनमध्ये हवीच. ढाब्यावर रात्री शेवभाजी आणि तर्री पोटभर खाऊन लगेच बसलास तर तासाभरात डोळे मिटतात. भरतीच्या दिवशी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घे, भाकरी दुसऱ्या दिवशीही चालते. रात्रीचं जेवण हलकं ठेव, पोटभर सकाळी खा. चहा आणि तंबाखू मोजून बघ. दिवसाला दहा-बारा चहा होत असतील तर तुझी धडधड थोडीफार तिथूनही येत असेल.

तरीही या घरी येण्यात चोपड्याच्या किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात बीपी आणि साखर तपासून घे आणि डॉक्टरांना धडधडीबद्दल स्पष्ट सांग. नुसतं टेन्शन आहे असं ठरवून बसू नको. घोरणं खूप असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं, तर तेही सांग, कारण तसा माणूस आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या ओळखीचे धट्टेकट्टे ड्रायव्हर गप्प राहून आतून संपलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहितो.

घराबद्दल तू फक्त आईचं वाक्य लिहिलंस. आखाजीला, पोळ्याला, कानबाईला घरी नसणं हे या धंद्यात आहेच, ते लपवून उपयोग नाही. पण वर्षातले दोन सण आधीच मालकाला सांगून मागून घेता येतात. हंगाम कधी जोरात आहे ते बघून मागितले तर मिळतात, माझी मुलं मागून घेतात. आणि घरी आल्यावर पहिला दिवस कोणाच्याही लग्नाला, शेतावर, कामाला जाऊ नको. तो झोपेचा. आईला हे एकदा समजावून सांग, नाहीतर तिला वाटतं पोरगा घरी येऊनही बोलत नाही.

सोडायचं की नाही, यावर माझं म्हणणं असं. आत्ता ठरवू नको, कारण न झोपलेल्या डोक्याने ठरवलेलं खरं नसतं. मालकाशी वर सांगितल्यासारखं बोल, भरतीच्या दिवशी झोप, पहाटे गाडी लाव आणि असा महिना-दीड महिना काढ. झोप परत आली, धडधड कमी झाली, तर त्रास वेळेचा होता आणि तू या कामाचा आहेस. पुरेशी झोप होऊनही प्रत्येक खेपेला निघताना पोटात गोळा येत असेल, मोठा उतार बघून हात कापत असतील, तर लांब पल्ला सोड. त्यात कमीपणा कसला? जळगाव-नाशिक, धुळे-सुरत असं रात्रीत घरी आणणारं काम आहे, एमआयडीसीत गाड्या आहेत, शेतीला जोडून छोटा टेम्पो आहे. चांगले ड्रायव्हर तिकडेही लागतातच.

तू दोन गोष्टी लिहिल्या नाहीस. गाडीवर क्लीनर आहे का, आणि पगार महिन्याचा आहे की खेपेवर? खेपेवर असेल तर घाई मालकाच्या जोडीला तुझ्या खिशातूनही येतेय आणि मग बोलायचं वेगळ्या तऱ्हेने. ते कळव, म्हणजे खेपेचा दर मागताना काय धरायचं ते सांगतो.